घडवणाऱ्यांनी एकमेकांना काय सांगावं

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेला लागूनच. राज्यकारभार, हत्ती, स्वयंपाक, संगीत अशा कितीतरी विषयांबरोबर त्यात मेणाचा नमुना करून धातूची मूर्ती ओतण्याची रीतही दिली आहे. नमुन्याचं मेण तोलावं आणि पितळ किंवा तांबं त्याच्या आठपट, चांदी बारापट, सोनं सोळापट घ्यावं, असा तिथला हिशेब. आजही दागिने ओतण्याच्या कारखान्यात मेणाचं झाड आधी काट्यावर ठेवतात आणि त्या वजनाला धातूच्या घनतेने गुणून मुशीत किती माल घालायचा ते ठरवतात. मेणाची घनता पाण्याच्या जवळपास असते, म्हणून हा गुणाकार जमतो. नऊशे वर्षांत भट्ट्या बदलल्या, हिशेबाची रीत तीच राहिली.

जवळपास त्याच काळात युरोपात थिओफिलस हे नाव घेतलेल्या एका ख्रिस्ती संन्याशाने चित्रकला, काचकाम आणि धातुकाम यांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. तो स्वतः धातुकाम करणारा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. भट्टी कशी बांधावी, कानस कशी करावी, तार कशी ओढावी, जोड कसा द्यावा, हे सगळं तो धातुकामाच्या भागात सांगतो. मिळालेली विद्या मत्सराने दडवू नये, जो नम्रपणे मागेल त्याला द्यावी, असं त्याने प्रारंभीच बजावलं आहे.

दोन्ही ग्रंथांत एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. सोमेश्वराने राजाला काय माहीत असावं ते लिहिलं. थिओफिलसने कामाला बसलेल्या माणसाला काय हवं ते लिहिलं. धातू घडवणाऱ्यांची बिरादरी कशी तयार होते, ती कशाने टिकते आणि कशाने तुटते, या प्रश्नाचा आढावा घेताना हा फरक पुन्हा पुन्हा समोर येतो. माहिती कुठे ना कुठे असतेच. ती ऐरणीसमोर बसलेल्याच्या हातात पोचते का, एवढंच पाहायचं असतं.

आपल्याकडे ती पोचत होती ती घरातून. गावगाड्यात सोनाराला जागा होती आणि नाणी पारखण्याचं पोतदारीचं कामही पुष्कळ ठिकाणी त्याच्याकडेच असे. मुलगा दहाबारा वर्षांचा झाला की शेगडी फुलवायला, फुंकणी धरायला, जागा झाडून कचरा डब्यात भरायला बसे. त्या कचऱ्यातही सोनं असतं; तो धुऊन कण काढणाऱ्या झारेकऱ्यांचा वेगळा धंदाच होता. मग तार ओढणं, मग मणी वळवणं, मग डाख लावून जोड देणं, आणि शेवटी कसोटीवर रेघ ओढून टंच, म्हणजे शुद्धता, सांगणं. पुस्तक नव्हतं, परीक्षा नव्हती, पण क्रम पक्का होता. चूक झाली की बाप जागच्या जागी दाखवी. अशा शिक्षणाला तोड आजही सापडलेली नाही, कारण ज्वाळेचा रंग आणि डाख वाहू लागायच्या आधीचा तो क्षण शब्दांत सांगता येत नाही, शेजारी बसूनच कळतो.

या शिक्षणाला कुंपणही तितकंच पक्कं होतं. जातीबाहेरच्याला आणि घरातल्या मुलीला तिथे जागा नव्हती. शिवाय या धंद्यात गुप्तता मुरलेली असते आणि त्यामागे खरं कारण असतं. माल दुसऱ्याचा असतो, अतिशय मौल्यवान असतो. कोणाच्या घरातून किती सोनं आलं, कोणी काय मोडलं, कोणाच्या लग्नासाठी काय घडतंय, हे चावडीवर बोलायचं नसतं. घट किती धरायची, हा विश्वासाचा मामला असतो. मात्र ग्राहकाचं गुपित राखता राखता धातूचं ज्ञानही गुपित झालं. कोणत्या डाखात काय मिसळलंय, हेही पेटीत कुलूपबंद झालं. यातली पहिली गुप्तता सोनाराचा धर्म आहे, दुसरीने त्याचं नुकसान केलं आहे. या दोन्ही वेगळ्या करता आल्या तरच घडवणाऱ्यांची मोकळी बिरादरी उभी राहू शकते, असं माझं मत आहे, आणि पुढचा सगळा आढावा मी त्याच नजरेने घेतो आहे.

लंडनचं उदाहरण इथे घेण्यासारखं आहे. तिथल्या सोनारांच्या संघाला १३२७ मध्ये राजाची सनद मिळाली. त्याआधीच, १३०० मध्ये, ठरलेल्या शुद्धतेच्या चांदीवर बिबट्याच्या मुखवट्याचा छाप मारण्याचा कायदा झाला होता. १३६३ मध्ये आणखी एक नियम आला: प्रत्येक उस्तादाने आपल्या मालावर स्वतःची खूण मारलीच पाहिजे. हेतू फसवणाऱ्याला पकडण्याचा होता. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला की कोणती वस्तू कोणी घडवली याची नोंद शतकानुशतकं राहिली. संघ उमेदवारांची नावं नोंदवी, मुदत ठरवी, काम तपासून त्यांना मोकळं करी. तोही बंदिस्तच होता, बाहेरच्यांना दूर ठेवण्यात कमी नव्हता. फक्त त्याचं कुंपण कागदावर लिहिलेलं होतं, आणि लिहिलेलं पुढे बदलता येतं.

आपल्याकडे खुणेची गरज पडली नाही, कारण गिऱ्हाईक आणि सोनार एकमेकांना नावानिशी ओळखत. दागिना कोणी केला, हे विचारावंच लागत नसे. ती ओळख तुटली तेव्हा तिची जागा घेणारं दुसरं काही आपल्याजवळ नव्हतं.

तुटण्याची एक तारीख सांगता येते. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले. चीनशी युद्ध नुकतंच संपलं होतं, परकीय चलन आटलं होतं, आणि नवे दागिने १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे करायचे नाहीत असं ठरलं. महाराष्ट्रातली बाई १४ कॅरटच्या पाटल्या घालायला तयार नव्हती. हजारो सोनारांचं काम बसलं, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, मोर्चे निघाले. नियम पुढे सैल होत गेले, तरी १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत धंद्यावर परवान्यांचं ओझं राहिलं. या काळात किती घरांतल्या मुलांनी शेगडीऐवजी शाळा आणि नोकरी धरली, हे कोणत्याही गावातल्या सोनार आळीत विचारलं तरी कळतं. बापाशेजारी बसून शिकण्याची साखळी तिथे खंडली. मुंबईच्या झवेरी बाजाराभोवतीच्या माळ्यांवर आज हुगळी, हावडा आणि मेदिनीपूरकडचे, दासपूर आणि डोमजूरचे बंगाली कारागीर बसलेले दिसतात. त्यांचा हात अतिशय नाजूक असतो आणि आपल्या नथी, तोडे, ठुशी आज मोठ्या प्रमाणावर तेच घडवतात. तरी मराठी दागिन्यांबद्दलच्या आपल्या कौतुकाच्या लेखांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. तो यायला हवा.

कामाची वाटणी किती बारीक झाली आहे, हे पाहायचं तर हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीला जावं. पैंजण आणि चांदीचे दागिने यांसाठी हे गाव देशभर ओळखलं जातं आणि काम आसपासच्या रेंदाळ, यळगूडसारख्या गावांतही पसरलेलं आहे. एका घरात चांदी आटते, दुसऱ्यात तार ओढली जाते, तिसऱ्यात कड्या वळतात, कुठे घुंगरू होतात, कुठे जोडकाम, कुठे उजळणी. कड्या जोडण्याचं पुष्कळसं काम बाया घरकाम सांभाळून करतात. चांदी व्यापाऱ्याची, मजुरी वजनावर. एक पैंजण इतक्या हातांतून जातं की ते ‘केलं’ कोणी, याचं उत्तर एका नावात देता येत नाही. ही व्यवस्था कार्यक्षम आहे. पण प्रत्येकाला आपला एकच टप्पा येतो, आणि बाजाराने तो टप्पा यंत्राकडे दिला की त्या घराजवळ दुसरं काही उरत नाही. कोल्हापुरी साजाची २१ पानं, त्यांतले मासा, कासव, नृसिंह एकट्या हाताने ठशावर उठवून, मागून लाख भरून, ओवून देऊ शकणारा माणूस अशा वाटणीतून तयार होत नाही.

मराठी माणसांनी उभी केलेली धातूतली सर्वात मोठी बिरादरी मात्र घडवणाऱ्यांची नाही, गाळणाऱ्यांची आहे. सांगली जिल्ह्यातलं विटा, खानापूर आणि आटपाडी तालुके, शेजारचे सातारा जिल्ह्यातले खटाव-माण, हा सगळा दुष्काळी पट्टा. इथली माणसं पोटासाठी बाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली. आज भारतातल्या लहानमोठ्या बाजारपेठांत, पंजाबपासून केरळपर्यंत, सराफ कट्ट्याच्या मागच्या गल्लीत विट्याकडच्या माणसाचं गलाईचं दुकान सापडतं. तमिळ किंवा मल्याळम त्यांना अस्खलित येते आणि जत्रेला ती गावी परततात.

त्यांचं काम म्हटलं तर साधं, म्हटलं तर फार अवघड. मिसळीच्या सोन्यात आधी मुद्दाम चांदी घालतात, इतकी की सोनं साधारण एक भाग आणि चांदी तीन भाग व्हावी. कारण सोन्याचं प्रमाण जास्त राहिलं तर नायट्रिक अॅसिड आतल्या चांदीपर्यंत पोचत नाही. मग तेजाबात चांदी आणि तांबं विरघळतं आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन आटवली की शुद्ध सोनं. विरघळलेली चांदी परत मिळवण्यासाठी त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडतात. तांबं विरघळत जातं आणि चांदी खाली बसते. हे रसायनशास्त्र दहावी न झालेल्या मुलांनी मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात शिकून घेतलं आणि ते हजारो मैलांवर नेलं. गावाने गावाला हात दिला, आधी गेलेल्याने मागून येणाऱ्याला दुकान थाटून दिलं, भांडवल भावकीतून उभं राहिलं. समुदाय कसा बांधावा, हे शिकायला आपल्याला परदेशी जाण्याची गरज नाही.

या बिरादरीच्या मर्यादाही तिच्याकडूनच शिकाव्या. ती नात्याची आहे, म्हणून विश्वासू आहे. नात्याची आहे म्हणूनच बाहेरच्याला बंद आहे. आणि तेजाबातून उठणारा तांबूस धूर, जो फुप्फुसांना थेट इजा करतो, त्याबद्दलचं शहाणपण अनुभवाने मिळेल तेवढंच राहिलं. धूर खेचणारा पंखा कुठे लावावा, तो धूर अल्कलीच्या पाण्यातून कसा धुऊन काढावा, हे एका दुकानाला कळलं तरी दुसऱ्याला कळेलच असं नाही.

धुराचा विषय निघालाच आहे तर केडीएमबद्दल, म्हणजे कॅडमियमच्या डाखाबद्दल, सविस्तर लिहायला हवं, कारण मला वाटतं या सगळ्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे. दागिन्याचे तुकडे जोडायला लागतो तो डाख मूळ सोन्यापेक्षा कमी उष्णतेला वितळला पाहिजे. पूर्वी सोन्यात तांबं-चांदी बरीच मिसळून डाख करत. त्यामुळे दागिना मोडायला काढला की डाखामुळे टंच खाली येई आणि गिऱ्हाईक नाराज होई. मग कॅडमियम आलं. ९२ भाग सोन्यात ८ भाग कॅडमियम घातलं तरी डाख छान वाहतो आणि शुद्धता जवळजवळ तशीच राहते. गिऱ्हाईक खूश झालं, सराफ खूश झाला. कॅडमियम ३२१ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ७६७ अंशांना उकळतं. सोन्याचा जोड देताना ज्वाला त्याच्या सहज पुढे जाते, म्हणजे प्रत्येक जोडागणिक त्याची वाफ कारागिराच्या नाकासमोर उठते. ही वाफ मोठ्या प्रमाणात छातीत गेली तर काही तासांनी ताप, खोकला, दम लागणं सुरू होतं, फ्ल्यू आल्यासारखं वाटतं, आणि त्यातून फुप्फुसं सुजून जीवही जाऊ शकतो. थोडी थोडी, वर्षानुवर्षं गेली तर मूत्रपिंडं निकामी होत जातात. माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत कॅडमियम पहिल्या गटात आहे.

आणि नेमकं हेच नाव दुकानांच्या पाट्यांवर गुणवत्तेची खूण म्हणून झळकलं. ‘९१६ केडीएम’ असं छापलेल्या पिशव्या, पाकिटं, कॅलेंडरं आपण सर्वांनी घरात पाहिली आहेत. विकणाऱ्याला माहीत नव्हतं, विकत घेणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि ज्याच्या श्वासात ते जात होतं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे भारतीय मानक ब्युरोने कॅडमियम वर्ज्य केलं, जस्तासारख्या धातूंवर आधारलेले डाख आले, लेझरने जोडण्याची यंत्रं आली. पण मधल्या वर्षांत हजारो कारागीर एका माळ्यावर दहा-पंधराजण, खिडकी बंद करून बसत होते, कारण वाऱ्याने ज्वाला हलते आणि सोन्याची धूळ उडते. कॅडमियमचे परिणाम वैद्यकाला त्या वेळीही ठाऊक होते. मोकळी बिरादरी नसण्याची किंमत ही अशी शरीराने मोजली जाते. यात धंद्याचं कोणतंही गुपित नव्हतं. हे ज्ञान सामाईकच असायला हवं होतं.

सरकारने गेल्या काही वर्षांत सोन्याच्या बाजाराला शिस्त लावली, ती चांगलीच गोष्ट आहे. हॉलमार्किंग २००० मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झालं, १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरांच्या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक फोनमध्ये घातला की शुद्धता कळते, सराफाची नोंदणी कळते, तपासणी केंद्र कळतं. घडवणाऱ्याचं नाव कळत नाही. लंडनमध्ये १३६३ साली जे सक्तीचं झालं त्याला आपल्या डिजिटल क्रमांकात अजून रकाना नाही. नवा रकाना घालणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नसावं. अवघड आहे ते नाव देण्याची तयारी होणं, कारण नाव दिलं की गिऱ्हाईक थेट कारागिराकडे जाईल, ही सराफाची भीती आहे. ती अगदीच निराधार नाही, पण तिच्यासाठी लाखो माणसांना निनावी ठेवणं मला पटत नाही.

नाव राहिलं की काय होतं, याची उदाहरणं आपल्याच किनाऱ्यावर आहेत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यातला राउलू नावाचा हिंदू सोनार लिस्बनला राजा मॅन्युएलच्या दरबारी काम करायला गेला. त्याचं नाव पोर्तुगीज कागदपत्रांत आलं, म्हणून आज अभ्यासकांना त्याच्याबद्दल बोलता येतं. कच्छच्या दरबारात काम करणारा एकोणिसाव्या शतकातला उमरसी मावजी आपल्या चांदीच्या भांड्यांवर ‘ओ. एम.’ अशी अक्षरं उठवी. जगभरचे संग्राहक आज ती अक्षरं शोधत असतात. त्याच काळात कोल्हापूर, नाशिक, पुण्यात तितकेच तयार हात होते. त्यांचं काम आजींच्या डब्यांत आहे, नाव कुठेच नाही.

शाळांनी काय केलं? मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १८९१ मध्ये रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाली आणि धातुकामासारखी कारागिरी तिथे रीतसर शिकवली जाऊ लागली. यातून चांगले शिक्षक आणि चित्रकला जाणणारे कारागीर तयार झाले, पण कोल्हापूरच्या गुजरीतला सोनार आणि कलाशाळेतला विद्यार्थी यांच्यातलं अंतर फारसं मिटलं नाही. ते मिटवणारी एक मोठी कलावंत बंगालमध्ये झाली. मीरा मुखर्जी (१९२३–१९९८) म्युनिकमध्ये शिल्पकला शिकून आल्या आणि मग बस्तरच्या घडवा कारागिरांच्या अंगणात बसून मेण-मातीच्या ओतकामाची रीत नव्याने शिकल्या. एवढ्यावर न थांबता त्या देशभर हिंडल्या आणि धातुकारागिरांच्या रीतींची नोंद करणारं पुस्तक त्यांनी लिहिलं. ते १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं. शिकून आलेल्या माणसाने शिकवणाऱ्याचं ऋण कसं फेडावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

परदेशातलीही एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात मोकळेपणाने काय वाचू शकतं ते दिसतं. जपानमध्ये सतराव्या शतकात निरनिराळ्या रंगांच्या धातूंचे पत्रे एकावर एक रचून, तापवून एकजीव करून, मग कोरून-ठोकून लाकडाच्या रेषांसारखी नक्षी काढण्याची कला निघाली. तिला मोकुमे गाने म्हणतात. ती तलवारीच्या मुठीसाठी होती. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि कला जवळजवळ मिटली. १९७० च्या दशकात जीन आणि हिरोको पिजानोव्स्की या अमेरिकेत शिकवणाऱ्या दांपत्याने ती जपानी उस्तादाकडून समजून घेतली आणि जे जे शिकले ते वर्गांतून, लेखांतून, प्रात्यक्षिकांतून उघड करून टाकलं. त्याआधीच, १९६९ मध्ये, उत्तर अमेरिकेतल्या सोनार-कलावंतांची संघटना स्थापन झाली होती. एकमेकांना दाखवायला-सांगायला एक ठिकाण तयार होतं. आज जगभर शेकडो लोक ही कला करतात आणि जपानमध्येही तिला पुन्हा मान आला आहे. सांगून टाकल्याने कोणाची भाकरी गेली नाही.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचं थोडं तसंच झालं. पेशवाईत वसलेली ही वस्ती घंगाळ, हंडे, बंब करण्यात पिढ्यान्‌पिढ्या रमली. स्टील आलं, गिझर आला आणि बंबाची मागणी बसली. मग काही डिझायनर आळीत आले. मठारकामाचे ते सारख्या अंतराचे चमकते ठोके दिवे, पेले, ताटल्या यांवर आले आणि नवं गिऱ्हाईक मिळालं. वस्तीच्या दृष्टीने हे काम अजून लहान आहे. पण दोन वेगळ्या जगांतली माणसं एका ऐरणीभोवती बसली, ही त्यातली मोलाची बाब.

आता फोन आला आहे आणि त्याने खरोखर मोठा बदल केला आहे. रेंदाळचा मुलगा इटलीतल्या साखळी विणणाऱ्या यंत्राचा व्हिडिओ पाहतो. पुण्यातली वास्तुविशारद मुलगी चांदीकाम शिकायचं ठरवते आणि जातीचं, घराण्याचं कुंपण तिला अडवत नाही. मात्र या व्हिडिओंतून हाताची हालचाल दिसते, मिश्रधातूचं प्रमाण दिसत नाही. यश दिसतं, कास्टिंग सच्छिद्र का निघालं, पत्रा ठोकताना का फाटला, चांदीवर जांभळट डाग का राहिला, हे दिसत नाही. आणि शिकण्यासारखं सगळं तिथेच असतं. चांदीवरचा तो डाग तिच्यातल्या तांब्याने उष्णतेत हवा खाल्ल्यामुळे पडतो आणि तापवण्याआधी टाकणखाराचा लेप दिला तर बराच टळतो, हे एका वाक्यात सांगता येतं. पण मराठीत ते कोणी लिहून ठेवलेलं सहसा सापडत नाही, आणि इंग्रजीत सापडलं तरी हुपरीत त्याचा उपयोग नाही.

शिकलेल्या नव्या माणसाजवळ सूत्र आहे पण हात नाही. जुन्या कारागिराजवळ हात आहे पण त्याने आपलं सूत्र कधी मांडलेलं नाही. या दोघांना फोनवर का होईना, एकत्र बसवता येईल. सराफांचे व्हॉट्सअॅप गट आज भाव आणि माल फिरवतात. मला हवा आहे तो वेगळा गट, ज्यात भावाची चर्चा नसेल, बिघडलेल्या कामाचे फोटो लाज न वाटता टाकले जातील आणि उत्तर देणारा साठीचा उस्ताद मराठीत किंवा बंगाली वळणाच्या हिंदीत बोलून उत्तर देईल, कारण त्याला लिहायला लावणं म्हणजे त्याला बाहेर ठेवणं. कड्या जोडणाऱ्या बाया त्यात असल्या पाहिजेत. ग्राहकाचं नाव, वजन, घरचा दागिना यांतलं काहीही तिथे येता कामा नये.

नक्षीच्या चोरीची भीती सगळेच बोलून दाखवतात आणि ती खरी आहे. फोटो आज टाकला की आठवड्यात त्याचा ठसा दुसऱ्या गावात तयार असतो. इथे कायदा माहीत असणं उपयोगी पडतं. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नव्या नक्षीची नोंदणी करता येते, संरक्षण १० वर्षं मिळतं आणि आणखी ५ वर्षं वाढवता येतं. मात्र नोंदणीआधी नक्षी जाहीर केली तर तिचं नवेपण जातं आणि नोंदणी मिळत नाही. म्हणजे आधी अर्ज, मग फोटो. हा क्रम माहीत नसल्याने कितीतरी कारागीर आपला हक्क आपल्याच बोटाने गमावतात. ठुशी, वज्रटीक, बोरमाळ यांच्या पारंपरिक घडणीवर कोणा एकाचा हक्क नाही. ती सर्वांची आहे आणि तिची मापं, ठसे, मण्यांचे प्रकार उघडपणे नोंदवून ठेवायला काहीच हरकत नसावी.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पेशांमध्ये सोनारही आहे. काही दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोजचे ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि स्वस्त कर्ज असं तिचं स्वरूप आहे. कारागिराला कारागीर म्हणून ओळखपत्र मिळणं हे मोठंच पाऊल आहे. पण ही मदत एकेका माणसाला मिळते. चार जणांना एकत्र आणणं हे तिचं काम नाही. ते पेशातल्यांनाच करावं लागेल.

सुरुवात कुठून करावी, असं कोणी विचारलं तर मी डाखाच्या तक्त्यापासून म्हणेन. सोन्याचा २२, १८ आणि १४ कॅरटचा, चांदीचा कठीण, मध्यम आणि मऊ, तांब्या-पितळेचा. प्रत्येकात काय किती, वितळतो किती अंशांना, कोणत्या क्रमाने वापरावा, धूर कसला निघतो, पंखा कुठे हवा. एक मोठा कागद, मराठी, हिंदी आणि बांगला अक्षरांत, गुजरीपासून झवेरी बाजारापर्यंत प्रत्येक माळ्यावर चिकटवलेला आणि प्रत्येक फोनमध्ये असलेला. तो तयार करू शकणारी माणसं विट्यात आहेत, हुपरीत आहेत, तांबट आळीत आहेत, प्रयोगशाळांतही आहेत. फक्त त्यातला कारागीर नगावर किंवा वजनावर मजुरी घेतो. तक्त्यासाठी दिलेला दिवस म्हणजे त्याची बुडालेली मजुरी. ती भरून देण्याची जबाबदारी सराफांच्या संघटनांनी घ्यावी. दागिन्याच्या पावतीवर घडणावळ सराफच लावतात, आणि त्या रकमेतला काही पैसा ज्याच्या हाताने घडण झाली त्याच्या शिकण्या-शिकवण्यावर खर्च व्हायला हवा.